घरच्या पुस्तकांची यादी करायची आहे? ॲप निवडण्याआधी सगळ्यात जुनं कपाट उघडा

घरात पुस्तकं किती, असं विचारलं की बहुतेक घरांत अंदाजच सांगितला जातो. 'असतील तीनशे-चारशे.' त्यातली कुणाला दिली, कोणती चुकून दोनदा घेतली आणि माळ्यावरच्या पेटीत नेमकं काय आहे, हे घरातल्या एकाच माणसाला माहीत असतं. तो माणूस गेला की ही माहितीही जाते. मग घर बदलताना किंवा खोली रिकामी करताना पुस्तकं किलोच्या भावाने रद्दीत जातात. त्यात एखादी पहिली आवृत्ती होती का, लेखकाची सही असलेली प्रत होती का, हे कुणी बघत नाही. शेकडो पुस्तकं उघडून बघायला वेळ नसतो आणि यादी कुणी केलेली नसते.

यादी करायची म्हटलं की आपण ॲप शोधतो. इंटरनेटवर 'सर्वोत्तम दहा ॲप' छापाच्या याद्या भरपूर सापडतात आणि जवळजवळ सगळ्यांचा सल्ला एकच असतो: मोबाईलचा कॅमेरा पुस्तकामागच्या बारकोडवर धरा, नाव, लेखक, मुखपृष्ठ सगळं आपोआप भरलं जाईल. गेल्या दहा-पंधरा वर्षांत घेतलेल्या इंग्रजी पुस्तकांसाठी हे खरंच चालतं. मराठी घरातल्या कपाटासमोर मात्र हा सल्ला दुसऱ्या-तिसऱ्या फळीवरच अडकतो.

का अडकतो, हे समजून घ्यायला अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या वाचत्या घराचं कपाट डोळ्यांसमोर आणा. जिल्हा निवडण्याचं कारण सोपं आहे. नगर शहरातलं जिल्हा वाचनालय १८३८ सालचं, म्हणजे राज्यातल्या सर्वात जुन्या वाचनालयांपैकी एक. नेवाशाची ज्ञानेश्वरी इथली, राहुरी तालुक्यातल्या ताहराबादच्या महिपतींचा 'भक्तिविजय' इथला, शिर्डीचं साईसच्चरित इथलं. यादी करणाऱ्याला येऊ शकतात त्या जवळपास सगळ्या अडचणी या एका कपाटात सापडतात.

बारकोड नसलेली पुस्तकं

बारकोडमध्ये जो क्रमांक असतो त्याला आयएसबीएन म्हणतात. पुस्तकाच्या प्रत्येक आवृत्तीला मिळणारा हा स्वतंत्र ओळख क्रमांक. आधी तो दहा अंकी होता, १ जानेवारी २००७ पासून तेरा अंकी झाला. ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर तो भारतातून दिलेला आहे असं समजायचं. आपल्याकडे हे क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था देते, तेही मोफत. पण भारतातली ही व्यवस्था १९८५ पासूनची. त्याआधीच्या मराठी पुस्तकांवर तो शोधण्यात अर्थ नाही, आणि नंतरही कितीतरी छोट्या प्रकाशकांनी तो घेतलेला नाही.

आता कपाट बघा. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३०च्या दशकात भागाभागाने आली. जुने सुटे भाग घरात असतील तर त्यांवर क्रमांक असणार नाही. अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार यांचं 'बलुतं' १९७८ साली ग्रंथालीने काढलं, तेव्हा आयएसबीएनची भारतीय यंत्रणा सुरू व्हायची होती. ज्या प्रतीला जपायला हवं, नेमकी तीच प्रत स्कॅनरला दिसत नाही. ॲप 'पुस्तक सापडलं नाही' म्हणतं. मग वैतागून आपण जवळच्या नव्या आवृत्तीचा क्रमांक टाकतो आणि यादीत १९७८च्या प्रतीऐवजी कालपरवाची प्रत नोंदली जाते.

दिवाळी अंकांचं तर विचारूच नका. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत अंकांचे गठ्ठे साठत आले आहेत. पुस्तकांच्या ॲपमध्ये त्यांना जागा नसते. अंकाला लेखक नसतो, संपादक असतो. नाव दरवर्षी तेच, वर्ष वेगळं. आणि अंक जपलेला असतो तो आतल्या एखाद्या कथेसाठी किंवा मुलाखतीसाठी. त्यामुळे जे सॉफ्टवेअर तुम्हाला 'आत काय आहे' लिहायला मोकळी जागा देत नाही, ते दिवाळी अंकांसाठी बाद.

हेमाडपंत नक्की कोणते?

दुसरी अडचण नावांची आहे आणि ती बारकोडपेक्षा चिवट आहे.

श्रीसाईसच्चरिताचे कर्ते गोविंद रघुनाथ दाभोलकर. पण घरात सगळे त्यांना ओळखतात हेमाडपंत या नावाने. हेच नाव यादवांच्या दरबारातल्या हेमाद्री पंडितांनाही आहे. सॉफ्टवेअरने नाव जुळलं म्हणून दोघांना एका लेखकाखाली टाकलं, तर साईसच्चरित आणि तेराव्या शतकातलं धर्मशास्त्र एकाच माणसाच्या नावावर जमा. 'टिळक' असं लिहून शोधलं तर लोकमान्य येतात, रेव्हरंड ना. वा. टिळक येतात आणि लक्ष्मीबाईही. टोपणनावं तर मराठीची खासियतच: कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एकच, आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर एकच. पु. ल. देशपांडे, पु.ल. देशपांडे आणि पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे या तिन्ही नोंदी संगणकाला तीन वेगळी माणसं वाटू शकतात. फरक फक्त एका मोकळ्या जागेचा असला तरी.

परदेशी सेवांमध्ये यात रोमन लिपीची भर पडते. तिथे मराठी पुस्तकं अनेकदा इंग्रजी अक्षरांत चढवलेली असतात, आणि 'स्मृतिचित्रे' इंग्रजीत लिहायच्या तीन-चार तऱ्हा तरी आहेत. देवनागरीत शोधलं तर पुस्तक नाहीच असं वाटतं. प्रत्यक्षात ते असतं, फक्त तुम्ही लिहिलं त्या स्पेलिंगमध्ये नसतं.

उपाय साधा आहे. सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, 'पुस्तकावर छापलेलं नाव' आणि 'शोधायचं नाव' असे दोन रकाने ठेवता आले पाहिजेत. पहिल्यात हेमाडपंत, दुसऱ्यात 'दाभोलकर, गोविंद रघुनाथ'. पुस्तकांच्या नावांनाही हाच नियम लावा. नाहीतर 'सार्थ ज्ञानेश्वरी' स मध्ये, 'श्रीज्ञानेश्वरी' श मध्ये आणि नुसती 'ज्ञानेश्वरी' तिसरीकडे, अशी एकाच ग्रंथाची फाटाफूट होते.

ही तिसरीकडची जागाही मजेदार आहे. शाळेत आपण क्ष आणि ज्ञ वर्णमालेच्या शेवटी शिकलो. संगणकासाठी क्ष म्हणजे क आणि ष यांचं जोडाक्षर, ज्ञ म्हणजे ज आणि ञ यांचं. म्हणून क्षीरसागर क मध्ये जातात आणि ज्ञानेश्वरी ज मध्ये. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये उशिरा, २००८ साली आलं आणि त्याला क्रमांक मिळाला तो ह च्याही पुढचा. ज्या सॉफ्टवेअरला मराठी क्रम शिकवलेला नाही, ते 'ॲनिमल फार्म'चं भाषांतर यादीच्या तळाशी टाकतं. त्यातून हे अक्षर जुन्या कीबोर्डवर 'अॅ' असं दोन तुकड्यांत लिहिलेलं असेल, तर शोधताना दिसायला सारखं आणि संगणकाला वेगळं. यावर यादी सोडून देण्याइतकं काही नाही, पण निवड करण्याआधी हे तपासून घेतलं तर पाचशे नोंदी भरल्यावर डोक्याला हात लावायची वेळ येत नाही.

शके १८५० म्हणजे १८५० नव्हे

जुन्या मराठी पुस्तकांवर प्रकाशनाचं वर्ष शकात असतं. सॉफ्टवेअरच्या वर्षाच्या रकान्यात चार आकडे मावतात, त्यामुळे शके १८५० निमूटपणे १८५० म्हणून स्वीकारलं जातं आणि १९२८ सालचं पुस्तक एका झटक्यात ७८ वर्षांनी म्हातारं होतं. शकात ७८ मिळवायचे (वर्ष संपताना, साधारण जानेवारी ते मार्चमध्ये, ७९). ज्ञानेश्वरीचं शके १२१२ म्हणजे १२९० आणि भक्तिविजयाचं शके १६८४ म्हणजे १७६२ ते असं. अर्थात ती ग्रंथरचनेची वर्षं झाली. तुमच्या हातातली प्रत कधी छापली, ते वर्ष वेगळं. रकाना त्याच्यासाठी आहे.

आणि गावाचं नाव? २०२४ मध्ये अहमदनगरचं अधिकृत नाव अहिल्यानगर झालं. मग १९६०च्या पुस्तकावर 'अहमदनगर' छापलंय, तर यादीत काय लिहायचं? ग्रंथपालांचा नियम इथे स्पष्ट आहे: पुस्तकावर जे छापलंय तेच नोंदवायचं. ती प्रत ओळखण्याची खूण असते. नवं नाव टिपणांच्या रकान्यात लिहा, म्हणजे कोणत्याही नावाने शोधलं तरी पुस्तक सापडेल. औरंगाबाद आणि उस्मानाबादला छापलेल्या पुस्तकांनाही हेच लागू.

मग पर्याय कोणते?

सगळ्यात आधी गुडरीड्स, कारण ते अनेकांच्या मोबाईलमध्ये असतंच. माझं मत विचाराल तर यादीसाठी ते चुकीचं साधन आहे. ती वाचनाची डायरी आहे, काय वाचलं आणि कसं वाटलं हे सांगायची जागा. पुस्तकाची नोंद सगळ्यांची सामाईक असते, ती दुरुस्त करायला तिथे वेगळी परवानगी लागते. आणि तुमच्या प्रतीला वाळवी लागलीय, ती पाथर्डीच्या मामांकडे आहे, असल्या गोष्टींसाठी ते बनलेलंच नाही.

लायब्ररीथिंग हे २००५ पासूनचं संकेतस्थळ घरगुती संग्रहासाठीच बनलेलं आहे. जगभरातल्या ग्रंथालयांच्या याद्यांमधून ते माहिती ओढतं, सापडलं नाही तर हाताने भरू देतं. पूर्वी मोफत खात्यात दोनशे पुस्तकांची मर्यादा होती, २०२० मध्ये ती काढली. यादी खासगी ठेवता येते आणि पूर्ण यादी फाईल म्हणून उतरवूनही घेता येते. दिसायला जरा जुनाट आहे, इंग्रजीतून वापरावं लागतं. अर्धी पुस्तकं इंग्रजी, अर्धी मराठी अशा घरासाठी मी हेच सुचवेन.

लिबिब दिसायला नीटनेटकं आणि मोबाईलवर सोपं. मोफत योजनेत ५,००० नोंदी बसतात, घरासाठी त्या पुष्कळ झाल्या. बुकबडी, सीएलझेड बुक्स वगैरेंचा भर बारकोडवर आहे, त्यामुळे वर सांगितलेलं सगळं त्यांना लागू होतं.

कॅलिबर हे कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं मोफत सॉफ्टवेअर ई-पुस्तकांसाठी आहे. छापील पुस्तकाची नुसती नोंदही त्यात करता येते. तुमच्याकडे पीडीएफचा ढीग असेल तर त्याला तोड नाही, कपाटासाठी मात्र ते आडवळण आहे.

कोहा, ई-ग्रंथालय, सोल ही नावं कुणी ग्रंथपाल मित्र सुचवेल. ही खऱ्या ग्रंथालयांची सॉफ्टवेअर आहेत. कोहा न्यूझीलंडमध्ये तयार झालं आणि २००० साली वापरात आलं, ई-ग्रंथालय आपल्या सरकारच्या एनआयसीचं, सोल गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं. सभासद, वर्गणी, दंड, देवघेव असा सगळा कारभार त्यांत असतो. चारशे पुस्तकांसाठी कोहा बसवणं म्हणजे घरच्या चहासाठी कँटीनचं पातेलं चढवणं. गावातलं सार्वजनिक वाचनालय चालवत असाल तर गोष्ट वेगळी.

उरली साधी तक्ता-फाईल: गूगल शीट्स, एक्सेल किंवा मोफत मिळणारं लिब्रेऑफिस कॅल्क. यात मुखपृष्ठं आपोआप येत नाहीत, मिरवता येत नाही. पण रकाने तुमचे, देवनागरी चालते, दिवाळी अंक बसतो, शके-इसवी दोन्ही लिहिता येतं आणि लिब्रेऑफिस तर नेटवर्कशिवायही चालतं. संग्रह मुख्यतः मराठी आणि हजारभर पुस्तकांच्या आतला असेल, तर हाच पर्याय सर्वात टिकाऊ आहे असं मला वाटतं. रकाने पुरेसे: क्रमांक, नाव, छापलेला लेखक, शोधायचा लेखक, प्रकाशक, गाव, वर्ष, आवृत्ती, कपाट-फळी, कुणाला दिलं, टिपण. वर्षाचे आकडे सगळीकडे एकाच लिपीत लिहा. काही नोंदी देवनागरी अंकांत आणि काही इंग्रजी अंकांत असतील तर क्रम बिघडतो.

सॉफ्टवेअर बंद पडलं तर?

हा प्रश्न काल्पनिक नाही. शेल्फारी नावाची लोकप्रिय सेवा ॲमेझॉनने २००८ मध्ये घेतली आणि २०१६ मध्ये बंद केली. मॅकवर 'डिलिशस लायब्ररी' हे देखणं सॉफ्टवेअर २००४ पासून होतं. पुस्तकांची माहिती ते ॲमेझॉनकडून घ्यायचं, तो पुरवठा थांबला आणि २०२४ मध्ये त्याची विक्री बंद झाली. पुस्तकं कपाटात पन्नास वर्षं टिकतात. ॲपचं आयुष्य तेवढं नसतं.

त्यामुळे कोणतंही ॲप घेताना पहिल्या दिवशी सेटिंगमध्ये जाऊन 'एक्स्पोर्ट' शोधा. यादी सीएसव्ही फाईल म्हणून बाहेर काढता आली पाहिजे. ही साधी मजकुराची फाईल कोणत्याही प्रोग्रॅममध्ये उघडते. एक्स्पोर्ट नसेल किंवा त्यासाठी पैसे मागत असतील तर मी ते ॲप तिथेच काढून टाकेन.

इथे मराठीवाल्यांची एक ठरलेली फसगत होते. सीएसव्हीवर डबल-क्लिक करून ती एक्सेलमध्ये उघडली की देवनागरीच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसू शकतात आणि यादी बिघडली असं वाटतं. बहुधा बिघडलेली नसते. एक्सेलच्या 'डेटा' मेनूतून फाईल आत घ्या आणि यूटीएफ-८ निवडा, अक्षरं परत येतात. पण घरात वीसेक वर्षांपूर्वी कुणी श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या फाँटमध्ये यादी टाईप करून ठेवली असेल, तर ती युनिकोड नाही. ती आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावी लागेल.

आधी दहा पुस्तकं

नोंदी भरायला वेळ लागतो. एका पुस्तकाला तीन मिनिटं धरली तर पाचशे पुस्तकांचे पंचवीस तास होतात. म्हणून आधी दहाच पुस्तकं निवडा, आणि ती मुद्दाम अवघड निवडा: आयएसबीएन नसलेलं एक, शके असलेलं एक, दोन दिवाळी अंक, टोपणनावाचा लेखक, एकाच ग्रंथाच्या दोन आवृत्त्या, अनेक भागांतला एखादा संच. ती भरा, देवनागरीत शोधून बघा, क्रम लावून बघा, एक्स्पोर्ट करून परत उघडून बघा. तासाभराचं काम आहे. यात जे सॉफ्टवेअर टिकलं, ते तुमचं.

टाईप करायचा कंटाळा असेल तर मोबाईलवर मराठी व्हॉइस टायपिंग बऱ्यापैकी चालतं, आणि गूगल लेन्स मुखपृष्ठावरचा छापील मराठी मजकूर उचलतं. जोडाक्षरं मात्र डोळ्यांखालून घाला. मुखपृष्ठापेक्षा आतल्या नावाच्या पानाचा आणि प्रकाशनाचा तपशील असलेल्या पानाचा फोटो काढून ठेवा, कारण आवृत्ती आणि वर्ष तिथे असतं. अर्पणाची ओळ, सही, समासातल्या नोंदी दिसल्या तर त्याही टिपून ठेवा. हे कोणत्याच जागतिक यादीत सापडणार नाही. पुढे संग्रह एखाद्या वाचनालयाला द्यायचा झाला, तर पोती घेऊन जाण्याआधी ही फाईल पाठवता येते आणि त्यांच्याकडे काय आधीच आहे, काय हवंय, हे त्यांना घरी न येता सांगता येतं.

यादी गूगल शीटमध्ये ठेवत असाल तर आणखी एक सेटिंग बघाच. सलग दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं, त्यातल्या फाईलींसकट. खात्याच्या सेटिंगमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय आहे. खातं किती महिने वापरात नसेल तर कुणाला कळवायचं आणि कोणत्या फाईली त्यांच्या हाती द्यायच्या, हे तिथे आधीच ठरवता येतं. तिथे मुलीचा, भावाचा, ज्याला पुस्तकांची कदर आहे अशा कुणाचाही ईमेल टाका. आणि वर्षातून एकदा यादीची छापील प्रत काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.